चौकोनी गाडी आणि चौकटीवरची खूण

आमच्या छोट्या गाडीचं पोट डोंगरावरच्या रस्त्यात खडीच्या ढिगावर टेकलं आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, तेव्हा मागच्या सीटवरून आई शांतपणे म्हणाली, "अरे, चाकं फिरतायत, पण झाड मघापासून तिथंच आहे." मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानातले तराजू, पेट्रोल पंपाची मापं, कापडवाल्याचा मीटर हे सगळं तपासण्यात माझी हयात गेली, त्यामुळे आईचं निरीक्षण अचूक होतं हे मला मान्य करावंच लागलं.

डोंगरावर माझी मावशी राहते. पाण्याची नवी पाइपलाइन टाकायला तो रस्ता खणला, आणि तेव्हापासून दोघी बहिणींची भेट नाही. आईचे गुडघे तिला चढ चढू देत नाहीत, मावशीची कंबर तिला उतार उतरू देत नाही. भाड्याच्या गाड्या वळणाच्या खालीच हात वर करतात. मग फोन होतात. पण दोघींनाही ऐकू कमी येतं, दोघीही ते कबूल करत नाहीत, आणि त्यामुळे फोन ठेवताना एकीला तरी राग आलेला असतो. राग गेला की दुसरी फोन करते आणि मग तिला येतो. "एकदा समोर बसायला मिळायला हवं," आई म्हणायची. तिनं ते हट्टानं म्हटलं असतं तर मी टाळलं असतं. ती ते भाजी निवडता निवडता, दुसरीकडे बघत म्हणायची, आणि ते मला सहन होत नव्हतं.

त्या दिवशी पाइपलाइनच्या चार कामगारांनी आमची गाडी उचलून मागे ठेवली. उचलून, म्हणजे कपाट सरकवतात तशी. आईसकट. "साहेब, तुम्ही तेवढे उतरा," एवढंच ते मला म्हणाले. सरकारी निरीक्षकाची गाडी त्याच्या डोळ्यांदेखत चार माणसं उचलतात, त्यातला एक उचलताना फोनवर बोलत असतो, हा प्रसंग मी नोकरीत कुणावर येऊ दिला नसता. गाडी वळवली आणि त्याच वळणावर ठरवलं, आता घ्यायची ती दणकट गाडी. चारही चाकांना जोर असलेली. डोंगरावर जाईल आणि रोज ऑफिसलाही नेता येईल अशी.

"रोज ऑफिसला जायचंय की डोंगर फोडायचेत?" बायकोनं विचारलं.

"दोन्ही."

"भाजी आणायला ती गाडी मी चालवणार आहे, एवढं फक्त लक्षात असू द्या."

आता दणकट गाडी घ्यायची म्हणजे लोक जाहिराती बघतात. जाहिरातीत ती गाडी नदीतून जाते, वाळवंटातून जाते, बर्फातून जाते. ती गाडी दवाखान्यासमोर दोन गाड्यांच्या मधे कशी लावायची, हे कुठल्याच जाहिरातीत दाखवत नाहीत. मी ठरवलं, आपण रीतसर तुलना करायची. रोजच्या कामांवर मोजून, पारखून, ऐकीव माहितीला थारा न देता.

ऐकीव माहितीनं दुसऱ्याच दिवशी जिन्यात गाठलं. आमच्या खालच्या मजल्यावर कॅप्टन राहतात. ते कधी जहाजावर नव्हते की सैन्यात नव्हते, पांढरी टोपी घालतात म्हणून कॅप्टन. वाहन म्हणाल तर त्यांच्याकडे एक सायकल आहे आणि तिलाही हवा भरलेली मी पाहिलेली नाही. पण गाड्यांविषयी त्यांना काही विचारावं लागत नाही.

"साहेब, दणकट गाड्यांत दोनच जाती," ते कठड्याला टेकून म्हणाले. "एक चौकोनी आणि एक गुळगुळीत. चौकोनी असते ती खरी, गुळगुळीत असते ती दिसायला. पण चौकोनीत बसून माणसाचे मणके मोकळे होतात आणि गुळगुळीतमध्ये बसून खिसा."

"मग कुठली घ्यावी?"

"मी असतो तर घेतलीच नसती," असं म्हणून ते सायकलकडे बघत उभे राहिले.

शहरात एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन शोरूम होत्या. एका बाजूला चौकोनी, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत. मी टेप घेऊन गेलो. दारांची रुंदी, जमिनीपासून पोटाची उंची, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाय ठेवायची जागा जमिनीपासून किती वर, हे सगळं मोजलं. चौकोनीच्या शोरूममधल्या बाई माझ्या मागे मागे येत होत्या. मी गाडीखाली अर्धा शिरलो तेव्हा त्यांनी आदरानं विचारलं, "सर, काही पडलंय का?"

गाड्या मोजून झाल्या, पण आई मोजायची राहिली होती. गाडीची पायरी किती उंच हे कळून उपयोग काय, आईचा पाय किती उंच जातो हे कळल्याशिवाय? घरी आल्यावर तिला स्वयंपाकघराच्या दाराशी उभं केलं. पेन्सिल घेतली. लहान मुलांची उंची मोजतात तशी चौकटीवर खूण करायची, फक्त डोक्याची नाही, पायाची.

"हे काय नवीन?" आई म्हणाली.

"आई, पाय जेवढा वर जातो तेवढा कर. जास्त नको. उगाच हट्ट नको."

"मी कशाला हट्ट करू? चढता आलं नाही तर काय होईल?"

"मग ती गाडी आपल्या कामाची नाही. दुसरा काही मार्ग बघू."

मी चौकटीशी गुडघ्यावर बसलो. आईचा पाय सावकाश वर आला, थांबला, थरथरला आणि आणखी चार बोटं वर गेला. मला आश्चर्यच वाटलं. खूण केली आणि ती चौकोनीच्या पायरीच्या केसभर वर निघाली. बायको ओट्याशी उभी होती. ती काही तरी बोलणार होती, पण आईकडे बघून तिनं कुकर लावायला घेतला. या गोष्टीचा अर्थ मला पुढे कळला. त्या क्षणी मी एवढंच म्हणालो की माप चोख आहे.

तरी आधी गुळगुळीतची परीक्षा घेतली, कारण आपण निःपक्षपाती. तिच्यासोबत शोरूमचा एक सौम्य, बारीक मिशीचा गृहस्थ आला. गाडी अप्रतिम होती. आई तिच्यात दिवाणावर बसावं तशी बसली. आवाज नाही, धक्का नाही. ऑफिसच्या फाटकातून आत शिरली, बँकेसमोरच्या जागेत मावली, भाजीच्या पिशवीतले टोमॅटो घरी येईपर्यंत टोमॅटोच राहिले. बायकोनं तिथंच निकाल देऊन टाकला. पण मी डोंगराच्या रस्त्याला लागलो. पहिल्या वळणानंतर पाइपांवर टाकलेला मातीचा उंचवटा होता. गाडी त्यावर चढली, करकरली, आणि तिच्या हनुवटीखालचा एक काळा तुकडा रस्त्यावर राहिला. मिशीवाल्या गृहस्थानं खाली उतरून तो उचलला, आणि परत येईपर्यंत मांडीवर घेऊन बसला. शोरूमपाशी उतरताना म्हणाला, "सर, ही गाडी खरं तर भावनेनं दणकट आहे."

राहिली चौकोनी. ती शनिवार-रविवार मिळाली, पण शोरूमच्या बाई गाडीसोबत राहतील या अटीवर. शनिवारी तिला मी रोजच्या आयुष्यात फिरवली, आणि रोजचं आयुष्य किती अरुंद असतं हे मला त्या दिवशी समजलं. क्लच दाबायला जिममध्ये पाय कमावलेला माणूस हवा. वळायला चौक लागतो आणि आमच्या गल्लीत चौक नाही, म्हणून मी पुढे-मागे, पुढे-मागे करत असताना दोन्ही बाजूंनी लोक जमले आणि प्रत्येकानं हातवारे करून वेगळी दिशा दाखवली. तिच्यातून आणलेले टोमॅटो घरी आले ते सरळ भांड्यात ओतावे लागले. बायकोनं पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "बरं झालं, मिक्सर वाचला." वाऱ्याचा आवाज इतका की शेजारच्या सीटवरच्या शोरूमच्या बाई गाडीचे गुण ओरडून सांगत होत्या. "सर, खूप शांत इंजिन आहे," असं त्या ओरडल्या तेव्हा मी नुसती मान हलवली.

गाडी आणून लावली तर सोसायटीचे सेक्रेटरी हातात खडू घेऊन उभे. या गाडीचं जादा चाक मागच्या दाराला टांगलेलं असतं आणि ते पार्किंगच्या पांढऱ्या रेषेबाहेर येत होतं.

"हे चाक गाडीचा भाग आहे की सामान?" त्यांनी विचारलं.

"त्यानं काय फरक पडतो?"

"भाग असेल तर गाडी रेषेबाहेर आहे. सामान असेल तर पार्किंगमध्ये सामान ठेवायला बंदी आहे. तुम्ही काय ते ठरवा, मी वाट बघतो."

मी नियमाचा माणूस. माझ्यावर कुणी नियम चालवला की मला राग येतो, पण आदरही वाटतो. त्या रात्रीपुरतं चाक काढून बैठकीच्या खोलीत ठेवलं. बायको त्याला वळसा घालून गेली आणि काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हाच मला जास्त ऐकू येतं. पण मला आता माघार घ्यायची नव्हती. मणके जाऊ देत, टोमॅटो जाऊ देत. आईला वर न्यायचंच होतं.

रविवारी सकाळी आई नवी चप्पल घालून तयार. आमच्या इमारतीच्या दारापुढचा ओटा चांगला उंच आहे. गाडी त्याला लावली आणि आई ओट्यावरून सरळ आत गेली. मी बायकोकडे विजयानं पाहिलं. ती म्हणाली, "सांभाळून न्या. आणि उतरवू नका कुठं." हे दुसरं वाक्य मी गंभीरपणे घ्यायला हवं होतं.

शोरूमच्या बाई पुढे बसल्या, आई मागे. उंचावरून रस्ता बघताना आई खुशीत होती. "अरे, या दुकानाला वरचा मजला आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं."

डोंगराच्या रस्त्यावर त्या मातीच्या उंचवट्याअलीकडे आता नवा फळा लागला होता आणि आडव्या बांबूपाशी एक राखणदार बसला होता. फळ्यावर लिहिलं होतं, 'जड वाहनांस बंदी'. राखणदारानं गाडीकडे खालून वर पाहिलं.

"साहेब, जड गाडी जात नाही. खाली पाइप आहेत, दबतात."

"मागं आम्ही छोटी गाडी आणली होती."

"छोट्या अडकतात. त्यांनाही सोडत नाही."

"मग वर जातं काय?"

त्यानं विचार केला. "मी जातो," तो म्हणाला. "चालत."

इथं माझ्यातला निरीक्षक जागा झाला. गाडीतून उतरलो, फळ्यासमोर उभा राहिलो. "जड म्हणजे किती?"

"जड म्हणजे जड."

"असं नसतं. वजन आकड्यात लिहावं लागतं. आकडा नाही तर माप नाही, माप नाही तर बंदी नाही. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. या फळ्याला कसलाही अर्थ नाही." हे वाक्य मी मोठ्यानं म्हणालो, कारण मागची काच उघडी होती आणि आई ऐकत होती. कितीतरी दिवसांनी मला स्वतःविषयी बरं वाटत होतं.

राखणदारानं फळ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग माझ्याकडे. तो भांडणारा माणूस नव्हता. "तुमचं म्हणणं बरोबर आहे साहेब," तो म्हणाला. "पण पाइप दबले तर माझी नोकरी जाईल. असं करा, माणसं उतरवा. गाडी तेवढीच हलकी होईल. पाइपांच्या पलीकडे गेली की बसवा परत."

आपलंच तर्कशास्त्र आपल्या अंगावर आलं की नाही म्हणता येत नाही. वजन कमी केल्यानं वजन कमी होतं, हे मी तरी कसं नाकारणार? आईला उतरवलं. उतरणं म्हणजे निम्मं काम जमीनच करते. ती माझ्या खांद्याला धरून खाली आली, राखणदारानं तिला हात देऊन पाइपांवरून पलीकडे नेलं. शोरूमच्या बाई मागोमाग चालत आल्या. मी एकट्यानं गाडी नेली. चौकोनीनं तो उंचवटा असा पार केला की काही होतं हेच तिला कळलं नसावं.

पलीकडे थांबलो, दार उघडलं. "चल आई."

आईनं दाराच्या वरच्या दांड्याला धरलं. पाय उचलला. पाय गुडघ्याशी आला आणि थांबला. तिनं परत उचलला. परत तिथंच. पायरी चार बोटं वर होती.

"दमलीस का? थांब जरा."

"दमले नाही."

"मग? घरी तर खुणेपर्यंत गेला होता. मी स्वतः मोजलंय."

आई खडीकडे बघत उभी राहिली. तिची नवी चप्पल मातीनं भरली होती. "तू खाली बघत होतास ना पेन्सिल घेऊन," ती म्हणाली. "मी वर स्वयंपाकाच्या ओट्याला दोन्ही हातांनी धरलं होतं. सूनबाईनं बघितलं. तिला मी डोळ्यांनीच गप्प केलं."

अख्ख्या बाजारात माझ्या डोळ्यांत कुणी धूळ फेकू शकला नाही. तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवणारे मी नुसत्या नजरेनं ओळखले. आणि माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच हातात पेन्सिल असताना मला खोटं माप दिलं गेलं.

"अगं, पण असं कशाला केलंस?"

"तू म्हणालास, चढता आलं नाही तर दुसरा मार्ग बघू," आई म्हणाली. "तू दुसरा मार्ग बघायला लागलास की वर्ष जातं. आणि तिचं काय वय आहे, माझं काय आहे."

समोर चढ होता, मागे पाइप होते. स्टूल घरी, ओटा घरी. राखणदार दूर उभा राहून दुसरीकडे बघत होता, आणि मला तो चांगला माणूस वाटायला लागला. शोरूमच्या बाई म्हणाल्या, "सर, पायदान वेगळं बसवून मिळतं, पण ते ऑर्डर द्यावं लागतं."

मी इस्त्रीची पँट घातली होती, मावशीकडे जायचं म्हणून. एक गुडघा मातीत टेकवला, दुसरा पाय पायरीखाली आडवा केला आणि मांडीवर थोपटून म्हणालो, "ठेव पाय."

"वेडा आहेस का? दुखेल तुला."

"आई, गाडी निवडायला मी इतके दिवस घालवलेत. आता तू चढणार आहेस."

तिनं पाय ठेवला. आई बारीक आहे असं मला वाटत होतं. तेही माप चुकीचं निघालं. शोरूमच्या बाईंनी आधी आत चढून वरून हात धरला, मी खालून जोर लावला, आणि आई आत गेली. माझ्या मांडीवर चपलेचा ठसा उमटला होता, टाचेपासून अंगठ्यापर्यंत स्पष्ट.

चौकोनी गाडी त्या चढावर गुरगुरत, हळूहळू, न थांबता चढली. मावशीच्या घरासमोर पोचलो तेव्हा मावशी व्हरांड्यात उभी होती. हातात पिशवी, खांद्यावर शाल, आणि मागे दाराला कुलूप.

"अगं, आम्ही आत येतोय ना," आई खिडकीतून म्हणाली.

"आत काय आहे? आतल्या भिंती मला पाठ झाल्यात ताई. या रस्त्यानं मला कोंडून घातलंय. मी तुझ्याकडे येतेय राहायला. तू येतेस म्हणून फोन केलास तेव्हाच सांगणार होते, पण तू आधीच ओरडायला लागलीस."

"मी ओरडले? तूच ओरडलीस."

समोरासमोर होत्या, त्यामुळे दोघींना नीट ऐकू येत होतं, आणि एवढ्यावरच ते भांडण मिटलं. व्हरांडा उंच होता. गाडी लावली, मावशी सरळ आत आली आणि दोघी मागच्या सीटवर एकमेकींचे हात धरून बसल्या. शोरूमच्या बाईंच्या मॅनेजरचा फोन आला. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "अजून टेस्ट ड्राइव्ह चालूच आहे सर," आणि खिडकीबाहेर बघत त्यांनी डोळे पुसले. त्या विकायला आल्या होत्या हे त्या विसरल्या असाव्यात. मीही गाडीचा आवाज, क्लच, मणके सगळं विसरलो होतो.

उतारावर पाइपांशी येताच मी गाडी थांबवली. उतरलो आणि पँट झाडली, कारण दुसरी मांडी अजून स्वच्छ होती आणि आता ती मावशीची होती. राखणदार जवळ आला. त्यानं माझ्या मांडीवरचा ठसा पाहिला. मग काचेतून आत पाहिलं. आत दोघी एकदमच बोलत होत्या आणि कुणीच ऐकत नव्हतं.

त्यानं बांबू वर केला. "राहू द्या साहेब, बसू द्या त्यांना," तो म्हणाला. "दोघींचं वजन फळ्यावर लिहिलेलं नाही."

आम्ही चौकोनीच घेतली. पायदान बसवून घेतलं. रोज ऑफिसला जाऊन माझी पाठ दुखते. भाजी बायको चालत जाऊन आणते आणि गाडीसमोरून जाताना पिशवी दुसऱ्या हातात घेते. चाकाचं काय करायचं यावर सेक्रेटरी अजून विचार करतायत. कॅप्टन जिन्यात भेटले की माझ्या कमरेकडे बघून सहानुभूतीनं मान हलवतात. मी सगळ्यांना एवढंच सांगतो की रोजच्या वापराला ही गाडी अत्यंत सोयीची आहे, आणि सांगताना भिंतीला टेकतो.

परवा मावशीनं चौकटीवरची खूण पाहिली. "ही ताईची?" तिनं विचारलं. "एवढीच? माझी घे बघू."

मी पेन्सिल घेऊन खाली बसलो. मावशीचा पाय वर आला, थांबला, थरथरला आणि खुणेच्याही वर गेला. या वेळी मी मान वर करून पाहिलं. तिनं एका हातानं फ्रिजचं हँडल घट्ट धरलं होतं आणि दुसरा हात आईच्या खांद्यावर होता. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

मी खूण केली आणि माप चोख असल्याचं जाहीर केलं.